एसडब्ल्यूआर उत्तम, तरी केंद्र मुके का?

घरी हौशी बिनतारी केंद्र चालविणाऱ्या मंडळींकडून, आणि विशेषतः ज्यांच्या परवान्याची शाई अद्याप वाळलेली नाही अशांकडून, एक कैफियत इतक्या वेळा आणि इतक्या ठरीव शब्दांत कानी येते की ती आता मुखोद्गत झाली आहे : "आवाज कुणापर्यंत पोहोचत नाही, पण अँटेना निर्दोष आहे, एसडब्ल्यूआर १.१ दाखवतो, तेव्हा सेटच बिघडला असणार." मग तो निरपराध सेट खोक्यात बंद होऊन नगरहून पुण्याला दुरुस्तीसाठी रवाना होतो, 'दोष आढळला नाही' असा शेरा घेऊन परत येतो, आणि केंद्र मुके ते मुकेच राहते.

या साऱ्या अनर्थाचे मूळ, मीटर नेमके काय मोजतो याविषयीच्या अज्ञानात आहे. सेटाकडून अँटेनाकडे गेलेली शक्ती आणि तिकडून माघारी फिरलेली शक्ती यांची तुलना करणे, एवढाच त्या उपकरणाचा अधिकार. जी माघारी आली नाही ती आकाशात प्रक्षेपित झाली की वाटेतच उष्णता होऊन जिरली, याचा निवाडा करण्याचे साधन त्याच्यापाशी नाही. अँटेना काढून तिच्या जागी ५० ओहमचा डमी लोड जोडा. मीटर एकास एक असे आदर्श प्रमाण दाखवील, आणि तुमची हाक शेजारच्या गल्लीतही ऐकू जाणार नाही!

आता एक जुनी, पाणी मुरलेली केबल घ्या, जी एका फेरीत ६ डेसिबल, म्हणजे पाऊण हिस्सा शक्ती, गिळंकृत करते. सेटाने १०० वॉट सोडले की दुसऱ्या टोकाला २५ पोहोचतात. त्या टोकाला अँटेनाच नाही, तार वाऱ्याने तुटून पडली आहे असे समजा. ते २५ वॉट जसेच्या तसे माघारी फिरतात, परतीच्या वाटेवर पुन्हा तोच कर भरतात, आणि मीटरपाशी केवळ सहा-सव्वासहा वॉट हजर होतात. मीटर सांगतो : एसडब्ल्यूआर सुमारे १.७. म्हणजे अँटेना नाही, आणि दाखला मात्र 'चालेल' असा! केबल जितकी निकृष्ट, तितके मीटरचे प्रशस्तिपत्र अधिक गोड, हे एकदा ध्यानी आले म्हणजे गेल्या वर्षी २ असणारा आकडा यंदा काही न करता १.३ झाला, यात आनंद मानण्याऐवजी माणसाने शिडी शोधावी.

शिडीवर चढून काय पाहावे, तेही सांगतो. पीएल-२५९ जोडणी मोकळी करून केबलीचे काळे आवरण वीतभर सोलावे. तांब्याची जाळी लालसर व चकचकीत असेल तर उत्तम. ती काळवंडलेली असेल, आणि बोटाला हिरवट भुकटी लागत असेल, तर पाणी जाळीच्या विणीतून केशाकर्षणाने पुष्कळ आत गेले आहे असे समजून ती केबल निकालात काढावी. नुसती जोडणी बदलण्याची काटकसर येथे कामाची नाही. अकोले तालुक्यात, भंडारदरा-घाटघरच्या पावसात, हे प्रकरण एका मोसमात घडते. पाथर्डी-जामखेडच्या कोरड्या मुलखात पावसाऐवजी ऊन तेच काम करते, कारण उन्हाने आवरणाला तडे जातात आणि पुढे परतीचा एखादा पाऊसही पुरतो. जोडणीवर रबरी पट्टी घट्ट लपेटणे आणि घरात शिरण्यापूर्वी केबलीला खाली झोळ देणे, म्हणजे थेंब तेथूनच गळून पडतो, हा त्यावरचा स्वस्त बंदोबस्त.

याच गैरसमजाची दुसरी बाजू अशी की आकडा २ झाला म्हणजे प्रलय ओढवला. वास्तविक २ या प्रमाणात परत फिरते ती अवघी ११ टक्के शक्ती, आणि चांगल्या केबलीत तीही बहुतांशी पुन्हा उलटून अँटेनाकडे जाते. ज्यांना शंका असेल त्यांनी वॉल्टर मॅक्सवेल या अभियंत्याची, 'क्यूएसटी' मासिकात १९७३ पासून आलेली लेखमाला वाचावी. तिला अर्धशतक लोटले, तरी केबल वीत-वीत कापून आकडा खाली आणण्याचा उद्योग काही थांबलेला नाही. केबल कापल्याने आकडा खरोखरच पुष्कळ बदलत असेल, तर जाळीच्या बाह्य पृष्ठावरून प्रवाह वाहतो आहे, आणि तेथे कात्रीऐवजी फेराइटच्या कड्यांची योजना करावयास हवी.

सेटाची परीक्षा करावयाची तर ती डमी लोडवर करावी. तेथे शक्ती पुरी निघत असेल तर सेट सुटला. निघत नसेल, तरी पुण्याचा रस्ता धरण्यापूर्वी, बोलत असतानाच सेटाच्या मागील टोकांवर दाब मोजावा : १०० वॉटचा सेट १३.८ व्होल्टवर सुमारे २० अँपिअर ओढतो, आणि बॅटरीच्या गंजलेल्या टोकात एक दशांश ओहमचा रोध असला तरी २ व्होल्ट तेथेच खर्ची पडतात. स्तब्ध असताना मोजलेला दाब या बाबतीत काहीच सिद्ध करीत नाही.

उरलेल्या समजुती थोडक्यात. शक्ती चौपट केली म्हणजे आवाज चौपट दूर जातो, हे खरे नाही. ऐकणाऱ्याच्या मीटरवर जेमतेम एका एस-अंकाची भर पडते, आणि १४४ मेगाहर्ट्झवर १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवरून ५ वॉटचा हातसेट जे साधतो ते खोलगट वस्तीवरील ५० वॉटना साधत नाही. अर्थिंगमध्ये मीठ-कोळसा ओतल्याने खरखर जाते, हेही नाही. अर्थिंग जिवाच्या रक्षणासाठी अवश्य असावे, पण खरखरीचा उगम शोधण्यासाठी सेट बॅटरीवर चालवून घराचा मेन स्विच पाडावा, आणि ती थांबली तर एकेक एलईडी दिवा व इन्व्हर्टर चालू करून अपराधी हुडकावा.

आणि २७ मेगाहर्ट्झचा नागरी पट्टा परवान्याविना खुला असल्याने तेथे सर्व काही चालते, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांसाठी एवढेच : २००५ च्या नियमांनी २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या पट्ट्याला दिलेली सूट ५ वॉटच्या मर्यादेत, आणि इतरांना व्यत्यय न आणण्याच्या अटीवर आहे. अ‍ॅम्प्लिफायर जोडून ती मर्यादा ओलांडली की सूटही तेथेच संपते.