कंपवाताचे रुग्ण आणि शिकण्याची दुसरी वाट

१९५६ साली राज्यपुनर्रचना होऊन मराठवाडा हैदराबाद राज्यातून वेगळा झाला. तरी कठीण दुखण्यासाठी हैदराबाद गाठण्याची नांदेड-लातूरकडील कुटुंबांची जुनी रीत अद्याप मोडलेली नाही. या शहरातील पंजागुट्टा भागात असलेल्या निजाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस या संस्थेत कंपवाताच्या, म्हणजेच पार्किन्सन विकाराच्या, रुग्णांवर उपचार होतात आणि त्या विकारासंबंधी संशोधनही चालते.

अशा रुग्णांच्या घरी एक तक्रार हटकून ऐकावयास मिळते. खुर्चीतून उठताना पाय मागे घ्यावा, काठी अशी धरावी, वळताना एकदम गिरकी घेऊ नये, हे वडिलांना दहा वेळा शिकविले, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिलाच पाढा. याच वडिलांना चाळीस वर्षांपूर्वीच्या लग्नातील पंगत आठवते. इतकेच काय, काल व्यायाम शिकविणाऱ्याने काय सांगितले तेही ते शब्दशः सांगतात. मग घरची मंडळी दोनपैकी एक निष्कर्ष काढतात: एक तर ते लक्ष देत नाहीत, किंवा त्यांची बुद्धी मंदावत चालली आहे. यापैकी दोन्ही खरे नसण्याचा संभव बराच असतो, ही गोष्ट मेंदूच्या प्रतिमांकनामुळे आता अधिक स्पष्ट झाली आहे.

लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. आयुर्वेदात कंपवाताचा उल्लेख त्याहून जुना आहे. मध्यमेंदूतील काळसर रंगाच्या एका लहानशा भागातील पेशी हळूहळू नष्ट होतात आणि त्या तयार करीत असलेले डोपामिन हे रासायनिक द्रव्य मेंदूच्या खोल भागातील केंद्रांना अपुरे पडू लागते, हे या विकाराचे मूळ होय. ही उणीव १९६० साली व्हिएन्ना येथील संशोधकांनी दाखवून दिली व त्यातूनच लेव्होडोपा या औषधाचा उपयोग पुढे आला. (हेच द्रव्य आपल्याकडील खाजकुइलीच्या बियांतून मद्रास येथील दोन शास्त्रज्ञांनी १९३७ सालीच वेगळे काढले होते. मात्र म्हणून कोणी बियांचे चूर्ण आपल्या मनाने घेऊ नये.)

डोपामिनचे काम केवळ हालचालीपुरते नाही. केलेली कृती साधली की फसली, याची खूण मेंदूला पटविण्यातही त्याचा वाटा असतो. सायकल चालविणे, कणीक तिंबणे, सही करणे या गोष्टी माणूस नियम पाठ करून शिकत नाही. चुकत, सुधारत, हाताला सवय लागते. गावांची नावे किंवा काल घडलेली हकीकत मात्र आपण वेगळ्या मार्गाने, जाणीवपूर्वक लक्षात ठेवतो. हे दोन मार्ग खरोखरच निराळे आहेत, हे १९९६ साली अमेरिकेतील एका प्रयोगात दिसून आले. निरनिराळ्या आकृत्यांचे पत्ते दाखवून ‘पाऊस पडेल की ऊन?’ असे विचारावयाचे आणि उत्तर बरोबर की चूक ते लगेच सांगावयाचे, असा तो खेळ होता. स्मृतिभ्रंश झालेल्यांना खेळाचा तपशील आठवेना, परंतु त्यांची उत्तरे हळूहळू सुधारत गेली. कंपवाताच्या रुग्णांचे नेमके उलट झाले: तपशील त्यांच्या ध्यानात राहिला, उत्तरे मात्र सुधारली नाहीत.

मेंदूच्या आत त्या वेळी काय चालते, हे पाहण्याचे साधन १९९० नंतर हाती आले. मेंदूचा जो भाग काम करतो तिकडे रक्ताचा पुरवठा वाढतो आणि प्राणवायूच्या प्रमाणातील या फरकामुळे चुंबकीय संकेत किंचित बदलतो, हे जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी दाखविले. एमआरआय यंत्राने हा बदल टिपण्याच्या पद्धतीस एफएमआरआय असे म्हणतात. या चित्रातील लाल-पिवळे ठिपके म्हणजे मेंदूचे छायाचित्र नव्हे. अनेक मोजमापांच्या गणितातून ते काढलेले असतात, ही गोष्ट वृत्तपत्रांतील रंगीत चित्रे पाहताना सहसा लक्षात येत नाही.

या क्षेत्रात हैदराबादचेही योगदान आहे. हैदराबाद विद्यापीठात कार्यरत असताना प्रा. राजू एस. बापी यांनी जपानमधील सहकाऱ्यांसमवेत केलेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. निरोगी व्यक्तींना बोटांनी कळी दाबण्याचा एक ठरावीक क्रम शिकविण्यात आला आणि शिकणे पुढे सरकत असता त्यांच्या मेंदूचे प्रतिमांकन करण्यात आले. आरंभी हा क्रम डोळ्यांना दिसणाऱ्या जागांच्या रूपाने मनात बसतो. सरावाने तो बोटांच्या हालचालींच्या रूपाने मुरतो. त्याबरोबर मेंदूतील कामही सरकत जाते. खोलवरच्या ‘प्युटामेन’ नावाच्या केंद्रात ते प्रथम पुढच्या भागात दिसते आणि अखेरीस मागच्या भागात स्थिरावते.

कंपवातात डोपामिनची उणीव सर्वांत आधी व सर्वांत जास्त जाणवते ती प्युटामेनच्या नेमक्या याच मागच्या भागात. म्हणजे शिकण्याचा आरंभ होतो, परंतु शिकलेले जेथे जाऊन मुरावयाचे ती जागाच दुबळी झालेली असते.

तरीही वाट पुरती बंद होत नाही. पाऊस-उन्हाचाच खेळ २००४ साली रुग्णांना एफएमआरआय यंत्रात खेळावयास दिला असता त्यांची उत्तरे निरोगी व्यक्तींच्या तोडीची आली. मात्र खोल केंद्रांतील काम कमी दिसले आणि जाणीवपूर्वक स्मरणाशी निगडित असलेला, कानशिलाच्या आतील भाग अधिक कार्यरत आढळला. मेंदूने आडवाट शोधून काढली होती.

असे अभ्यास करणे सोपे नसते. डोके काही मिलिमीटर हलले तरी प्रतिमा बिघडते, आणि येथे तर कंप हेच रुग्णाचे लक्षण. पुष्कळदा आदल्या रात्रीपासून औषध थांबवून रुग्णाला अरुंद नळीत, यंत्राच्या खडखडाटात, निश्चल पडून राहावे लागते. त्यामुळे अभ्यासातील रुग्णांची संख्या थोडी असते व निष्कर्ष जपूनच काढावे लागतात.

औषधाचा परिणामही एकेरी नाही. औषध न घेतलेले रुग्ण चुकीपासून अधिक शिकतात, तर औषध घेतल्यावर ते यशापासून अधिक शिकतात आणि चुकीची खूण त्यांना कमी पटते, असे २००४ च्याच दुसऱ्या एका प्रयोगात आढळले. या गटातील काही औषधांनी थोड्या रुग्णांना जुगाराचा किंवा उधळपट्टीचा नाद लागतो, त्याच्या मुळाशी हेच असावे असे मानतात. घरात असा बदल दिसल्यास तो लाजेने झाकून न ठेवता डॉक्टरांच्या कानी घालावा. औषध मात्र स्वतःहून बंद करू नये.

आडवाट चालती ठेवावयाची तर शिकविण्याची पद्धत बदलावी लागते. ‘सरावाने जमेल’ असे म्हणून चुका करू देण्यापेक्षा बरोबर कृती आधी करून दाखवावी. एका वेळी एकच गोष्ट सांगावी आणि रुग्णाने ती मोठ्याने म्हणत करावी. चालताना गप्पा मारू नयेत, कारण चालण्याकडे लावलेले लक्ष हाच त्याचा आधार असतो. व्यायाम औषधाचा अंमल चांगला असतानाच्या वेळी घ्यावा. पुण्यात कंपवाताच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालविण्यात आले आहेत. ताल आणि मोजलेली पावले यांचा तेथे उपयोग होतो. दाराशी येऊन ज्यांचे पाय जागीच खिळतात, त्यांच्यासाठी उंबरठ्याच्या अलीकडे-पलीकडे, एकेका पावलाच्या अंतरावर, फरशीवर ठळक रंगाच्या पट्ट्या चिकटवाव्यात. पट्टी ओलांडावयाची म्हटली की खिळलेला पाय बहुधा उचलला जातो.