काळ्या पाषाणाच्या पोटीं

पारनेरास विहीर खणणें म्हणजे काय, हें ज्यानें खणली त्यालाच ठाऊक. वर दोन-चार हात माती. पुढें सुरुंगावांचून न हलणारा काळा पाषाण. आमच्या विहिरीचें काम चाललें असतां त्या पाषाणाच्या पोकळ्यांतून शुभ्र स्फटिक निघत. ते शाळेंत नेऊन आम्ही मुलांस दाखवीत असूं. त्यांतील कांहींवर आम्लाचा थेंब टाकतांच फेस येई. चुन्याच्या निवळींत नळीनें फुंकलें म्हणजे ती दुधासारखी होते, हा प्रयोगहि पुष्कळ वाचकांनीं केला असेल. दोहोंचें मर्म एकच. श्वासांतील कर्बवायु, ज्यास आतां सर्वत्र कार्बन डायऑक्साइड म्हणतात, चुन्याशीं मिळून घन होतो. आम्लानें तो पुन्हा मोकळा होतो.

शाळेंतला हा धडा आज जगाच्या चिंतेस येऊन भिडला आहे. कोळसा व खनिज तेल जाळण्याचा सपाटा सुरू होण्यापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत या वायूचे सुमारें २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत, आणि पृथ्वी तापत आहे. म्हणून धुरांतील हा वायु वेगळा काढून भूगर्भांत पुरावा, असा विचार निघाला. पण पुरलेला वायु निसटला तर? आइसलंडांतील शास्त्रज्ञांनीं यास उत्तर शोधिलें. २०१२ सालीं त्यांनीं तो पाण्यांत विरघळवून काळ्या खडकांत सोडला. खडकांतील चुना, मॅग्नेशियम व लोह यांशीं मिळून त्याचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग दोन वर्षांच्या आंत दगड झाला, असें २०१६ सालीं प्रसिद्ध झालें. दगड कोठें निसटणार?

तोच जातीचा पाषाण आपल्या पायांखालीं आहे. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं वाहिलेल्या लाव्हारसाचे हे थर आज सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटर पसरले आहेत. निघोजच्या रांजणखळग्यांत कुकडीनें तोच कोरला आहे. कोयनेच्या परिसरांत खोल छिद्र पाडलें तेव्हां हे थर १,२४७ मीटर जाड आढळले. मुंबईच्या आय. आय. टी.त २०२२ सालीं या विषयाचें राष्ट्रीय केंद्रहि स्थापन झालें.

तथापि हुरळून जाऊं नये. ज्या पोकळ्यांत वायु शिरावयाचा, त्यांपैकीं पुष्कळ या जुन्या खडकांत आमच्या त्या स्फटिकांनींच आधीं भरून टाकिल्या आहेत. दुसरी अडचण अधिक कठीण. आइसलंडच्या रीतीस एक टन वायूमागें सुमारें २५ टन, म्हणजे २५,००० लिटर पाणी लागतें. उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहणाऱ्या आमच्या तालुक्यास याचा अर्थ सांगावयास नको. राळेगणसिद्धीनें नाले अडवून जें पाणी जिरविलें, तें घोट-घोट मोजून. अमेरिकेंतील वालुला येथें २०१३ सालीं सुमारें १,००० टन वायु पाण्यांत न विरघळवितां अशाच खडकांत सोडला गेला व त्याचेहि खडे बनलेले आढळले. आमच्याकडे प्रयोग व्हावा तो याच वाटेनें.

चिखल लावून मग धुण्यापेक्षां तो लागूं न देणें बरें, हें आम्ही मुलांस शिकवीत आलों. धूर कमी करणें हें पहिलें कर्तव्य. उरेल तो पाषाणाच्या स्वाधीन करावा. आणि उद्यां छिद्र पाडण्यास कोणी गांवांत आलाच, तर वडीलधाऱ्यांनीं त्यास पाट द्यावा, पाणी द्यावें, आणि प्रथम एवढेंच विचारावें: बाबा रे, पाणी कोणाचें घेणार?