गावी नेण्याआधी वायरचं बंडल काट्यावर ठेवा

श्रावण सरत आला की घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीच्या चाळींतून गावाकडची बांधाबांध सुरू होते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या घराला वर्षातून एकदा हात लागतो तो गणपतीच्या तोंडावरच. पडवीत दोन दिवे वाढवायचे, मखराला माळा सोडायच्या, विहिरीवरच्या पंपाची जुनी वायर बदलायची. हे सामान मुंबईत स्वस्त पडतं म्हणून चाकरमानी ते तिकडूनच आणतो.

पण स्वस्त म्हणजे किती स्वस्त, हे बघायला हवं. नावाजलेल्या कंपनीचं नाव, हुबेहूब तसंच वेष्टन, वर आयएसआयचा शिक्का आणि आत भलताच माल, असा बनावट विजेचा माल बाजारात मिसळलेला असतो. दुकानदार हळूच सांगतो, "बिल नको असेल तर कमी करून देतो." तिथंच सावध व्हावं.

बनावट वायरीत चोरी होते ती तांब्याची. तार बारीक काढतात, नाहीतर ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा देतात. तांबं निम्मं झालं की तारेचा विरोध दुप्पट होतो आणि तेवढ्याच विजेला वायर दुप्पट तापते. वरचं आवरण हलक्या प्लॅस्टिकचं असलं तर ते मऊ पडतं, तडकतं. मुंबईतल्या आगींचं मोठं कारण विजेतला बिघाड हेच असतं. तिथं निदान अग्निशमन दलाचा बंब येतो. आपल्या वाडीत लाकडी वाशांच्या घरात रात्री ठिणगी पडली तर बंब कुठून येणार?

पंपाचं दुखणं वेगळंच. गावात दाब आधीच कमी, त्यात बारीक वायर. मोटारीला पुरेसा दाब मिळत नाही, ती जादा करंट ओढते आणि वाइंडिंग जळतं. वायरीत वाचवलेले पैसे मोटार पुन्हा भरण्यात जातात, वर वायरही नवी घ्यावी लागते. बनावट एमसीबीचं तर विचारूच नका. ऐनवेळी तो पडलाच नाही, तर लावून उपयोग काय?

ओळखायचं कसं? दीड चौरस मिलिमीटरच्या ९० मीटर बंडलात नुसतं तांबंच किलोभराहून जास्त भरतं. आवरणासकट बंडल त्याहून हलकं भरलं तर परत करा. तार चाकूनं खरवडा. आत पांढरी निघाली तर ती तांब्याची नव्हे. शिक्क्याच्या वर आयएस ६९४ हा आकडा आणि खाली सीएम/एल क्रमांक असतो. तो क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपवर टाकला की परवाना कोणाचा ते कळतं.

२००३ च्या केंद्राच्या आदेशानं वायरी, बटणं यांना आयएसआय सक्तीचं झालं. खोटा शिक्का मारणाऱ्याला २०१६ च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पहिल्या गुन्ह्याला किमान दोन लाख रुपये दंड ठेवला आहे. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. मात्र हातात बिल नसेल तर माल कुठून घेतला हे सिद्ध करणं अवघड जातं.

म्हणून गावच्या वायरमनला आधी विचारावं, मुंबईत पक्कं बिल घ्यावं आणि मगच बंडल एसटीत चढवावं. माळ विझली तर दुसरी आणता येते. भिंतीत गाडलेली वायर मात्र पुढची वीस वर्षं घरातल्या माणसांच्या उशाशी असते.