पंचांग आणि टाइमटेबल

जुलैतल्या एखाद्या संध्याकाळी पिंपरी-चिंचवडमधल्या सरावाच्या मैदानावर जा. आधी कानठळ्या बसतात, मग नजर शेडखालच्या बॅगांच्या रांगेकडे जाते. एकीतून ड्राफ्टर डोकावत असतो, तर दुसरीच्या खिशाला चाकणच्या कंपनीचं आयकार्ड अडकवलेलं असतं. ढोल-ताशा पथकातली बरीचशी मुलंमुली शिकणारी किंवा अप्रेंटिसशिप करणारी आहेत. दरवर्षी पोरांना एकच प्रश्न पडतो: वाजवायचं कधी आणि वाचायचं कधी?

याचं उत्तर सप्टेंबरमध्ये शोधून सापडत नाही. ते सराव सुरू होण्याआधीच काढावं लागतं.

पहिलं काम, पंचांग आणि कॉलेजचं कॅलेंडर शेजारी ठेवा. चांद्रवर्ष साधारण 354 दिवसांचं असल्यामुळे गणपती दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे येतात आणि अधिक मास आला की पुन्हा पुढे सरकतात. 2024 मध्ये चतुर्थी 7 सप्टेंबरला होती, 2025 मध्ये 27 ऑगस्टला. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती 14 सप्टेंबरला आहे. तिथून आठ आठवडे मागे मोजा, 20 जुलै येते. सराव साधारण याच सुमारास रंगात येतो. सत्र मात्र अधिक मास पाळत नाही. त्यामुळे एखाद्या वर्षी परीक्षा गणपतीनंतर निवांत येते, तर एखाद्या वर्षी विसर्जनाला खेटून.

पुणे विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगच्या 2019 पॅटर्नमध्ये सत्रामधली इनसेम परीक्षा 30 गुणांची आणि सत्राअखेरची एंडसेम 70 गुणांची. इनसेम पहिल्या दोन युनिटवर असते आणि ही दोन युनिट वर्गात शिकवली जातात नेमकी सरावाच्या आठवड्यांत. पॅटर्न बदलतात, पण सत्राच्या मधल्या गुणांचा वाटा कुठे ना कुठे असतोच. म्हणून ढोल कमरेला बांधण्याआधी पहिलं युनिट एकदा वाचून झालेलं असावं.

दुसरं काम, सरावाचा खरा हिशेब मांडा. उघड्यावर रात्री दहानंतर वाद्यं वाजवायला ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहे, त्यामुळे सराव समजा सात ते साडेनऊ चालला. कागदावर अडीच तास. पण ढोल ताणायचा, आवरून ठेवायचा, घर गाठायचं, अंघोळ, जेवण, यात अकरा वाजतात. तेव्हा हात थरथरत असतो, कानात ठेका चालू असतो. त्या वेळी गणित उघडलं तर पान उलटतं, डोक्यात काही शिरत नाही. म्हणून अवघड विषय सरावाआधी उरकायचा. कॉलेज सुटल्यापासून सरावापर्यंतचा दीड तास लायब्ररीत बसलात, तर रात्री फक्त जर्नल उतरवायचं किंवा सरळ झोपायचं. झोपेत दिवसभराचं शिकलेलं पक्कं होतं, पाठांतरही आणि हातही.

तिसरं, हजेरी. 75 टक्क्यांची अट म्हणजे चाळीस तासांच्या विषयात दहा तास हाताशी. दहा पुष्कळ वाटतात, पण ताप, पाऊस आणि नाशिक रस्त्यावरची कोंडी त्यातले निम्मे खातात. उरलेल्या पाचांत कामाच्या दिवशीच्या सुपाऱ्या बसवायच्या. कंपनीच्या गणपतीसमोरचं दुपारचं स्थिर वादन मोहात पाडतं, पण तीन सुपाऱ्या स्वीकारल्या तर चौथीला नाही म्हणायची तयारी हवी. प्रॅक्टिकलच्या दिवशी तर विचारच नको, बुडालेला तास मित्राच्या वहीतून भरता येतो, बुडालेलं प्रॅक्टिकल येत नाही.

चौथं, शरीर. टिपरू घट्ट धरल्यानं अंगठ्याच्या बुडाशी फोड येतो आणि पेनही नेमकं तिथंच टेकतं. चिकटपट्टी फोड यायच्या आधी लावायची. पेपरच्या आधीचे दोन दिवस ढोल न घेता झांज किंवा ध्वज मागून घ्यावा. कानांचा हिशेब आणखी कडक आहे. 85 डेसिबल आवाज आठ तास चालतो, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे 94 ला एक तास आणि 100 ला जेमतेम पंधरा मिनिटं. नुसत्या कापसाचा फारसा उपयोग नाही, फोमचे इअरप्लग हवेत. चाकणच्या प्रेस शॉपमधल्या पोराला हे पाठ असतं, तिथं इअरप्लग नसेल तर सेफ्टीवाला टोकतो. तोच पोरगा संध्याकाळी उघड्या कानांनी ताशासमोर उभा राहतो.

पाचवं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं: आधी सांगणं. "दादा, सोमवारी इनसेम आहे. शनिवार-रविवार येणार नाही." हे दोन आठवडे आधी सांगितलं तर पथकप्रमुख रांग बदलून घेतात. आदल्या रात्री सांगितलं तर रांगेत भोक पडतं. शिवाय बहुतेक पथकांत दोन-तीन वर्षं पुढचे दादा-ताई असतात. त्यांच्याकडे गेल्या वर्षीचे पेपरही असतात, ते मागायला लाजू नये.

नव्या वादकाला पथकात पहिल्याच दिवशी अख्खा हात, म्हणजे वादनातला ठरलेला ठेका, शिकवत नाहीत. एक तुकडा देतात, तो बसेपर्यंत घोटून घेतात आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे नेतात. मिरवणुकीच्या आदल्या रात्री येऊन कुणी म्हणालं, "सगळे हात आज शिकवा," तर सगळे हसतील. इनसेमच्या आदल्या रात्री युनिट उघडणारा वादक नेमकं तेच मागत असतो.