राखणीचा कुत्रा : हाकेला परतणे हाच पहिला धडा

नागपूरनजीक कळमना येथील बाजार आवारात हंगामात संत्र्यांचे ढीग लागतात. धान्याच्या व मिरचीच्या गाड्या उतरतात. हा माल बाजारात पोहोचण्यापूर्वी शेतकऱ्याने कित्येक रात्री शेतात जागून काढलेल्या असतात. हरभरा घाट्यांवर आला, भुईमूग पोसू लागला की रानडुकरे व रोही शेतात उतरतात. जागलीला निघालेल्या शेतकऱ्यामागून पुष्कळदा कुत्राही निघतो. परंतु त्याला रीतसर शिक्षण दिलेले क्वचितच आढळते. न शिकविलेला कुत्रा राखण करण्याऐवजी धन्यालाच संकटात टाकतो, हे ध्यानी घेतले पाहिजे.

पूर्वी विदर्भातील फासेपारधी फासे लावून तितर व लावे धरण्यात निष्णात होते. रानात सावज हुडकण्यास व अडविण्यास कुत्रा बरोबर नेण्याची रीतही शिकाऱ्यांत होती. आता १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फासा, सापळा वा कुत्रे लावून वन्य प्राणी धरणे हा गुन्हा ठरला आहे. कुत्र्याचे नाक मात्र आजही तितकेच उपयोगी आहे. २००८ पासून ट्रॅफिक या संस्थेच्या उपक्रमात वनखात्यांसाठी कुत्रे तयार करण्यात येत असून ते वाघ-बिबट्यांची लपविलेली कातडी व हाडे वासावरून शोधतात. शेतकऱ्यानेही आपल्या कुत्र्याकडून हेच काम घ्यावे : चाहूल लागताच इशारा द्यावा, पाठलाग करू नये.

या कामास आपला गावठी कुत्रा उत्तम. तो काटक असतो, उन्हापावसाला टिकतो व परक्याची चाहूल त्याला लवकर लागते. कारवानी जातीचा कुत्रा वेगवान खरा. पण तो नजरेने शिकार टिपून मागे धावणारा असल्याने त्याला आवरणे कठीण जाते.

पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईपासून तोडू नये. घरी आणल्यावर त्याला गुरे, कोंबड्या, मुले व ट्रॅक्टरचा आवाज यांची हळूहळू सवय करावी. नाव दोन अक्षरी ठेवावे. पहिला धडा ‘ये’ हा होय. लांब दोर बांधून हाक मारावी. पिल्लू जवळ येताच भाकरीचा तुकडा द्यावा व पाठ थोपटावी. धडा पाच-दहा मिनिटांचाच असावा. मात्र तो दररोज व्हावा. जवळ बोलावून कधीही मारू नये. तसे केल्यास हाक म्हणजे शिक्षा असे कुत्रा समजतो व पुन्हा येत नाही. त्यानंतर ‘बस’ आणि ‘थांब’ शिकवावे.

हे धडे पक्के झाल्यावर सकाळ-संध्याकाळ त्याला दोरावर घेऊन बांधाबांधाने फिरवावे. आपली हद्द त्याला अशी कळते. चाहूल लागून तो भुंकला की शाबासकी द्यावी. पुढे झेपावला तर ‘थांब’ म्हणून परत बोलवावे. धावत्या गुरांमागे वा कोंबडीमागे जाण्याची खोड सुरुवातीलाच मोडावी. वर्षाचा होईपर्यंत त्याच्यावर रात्रीची जबाबदारी टाकू नये.

हाकेला न परतणारा कुत्रा रानडुकराच्या अंगावर जातो आणि सुळ्याने फाटतो. डिवचलेले डुक्कर पुढे कुत्र्यामागून आलेल्या माणसावरही उलटते. बिबट्याचा वावर असलेल्या भागात कुत्र्याला रात्री उघड्यावर एकटा बांधून ठेवू नये. तो बिबट्याला आयतेच भक्ष्य होतो. कुंपणात विजेचा प्रवाह सोडणे तर कुत्रा, गुरे, वाघ व शेजारी या सर्वांच्याच जिवावर बेतणारे आहे.

कुत्र्याच्या आरोग्याकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही. तीन महिन्यांचा होताच पशुवैद्यकाकडून रेबीजची लस टोचून घ्यावी व त्यांच्या सल्ल्याने ती पुढे वेळोवेळी द्यावी. इतर रोगांच्या लसी व जंतांचे औषधही चुकवू नये. कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपर रोगाचा विषाणू २०१८ साली गीरच्या सिंहांतही आढळला होता. म्हणजे आपल्या कुत्र्याचे लसीकरण रानाच्याही हिताचे आहे. कोणास कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि तत्काळ दवाखाना गाठावा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते.

कुत्रा असूनही पिकाची नासाडी झाली, तर वनखात्याकडे भरपाईसाठी विनाविलंब अर्ज करावा. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी त्यात साह्य करावे, गावात लसीकरणाचा दिवस ठरवावा आणि हाकेला परतणारा एक तरी कुत्रा शेतकरी बंधूंना प्रत्यक्ष दाखवावा. असा कुत्रा पाहिल्यावर आणखी सांगण्याची गरज उरणार नाही.