नोकरीच्या पत्राशिवाय ग्रीन कार्ड : संशोधकांसाठीची ‘राष्ट्रीय हित’ वाट



शिवाजी विद्यापीठातून पीएच.डी. करून पोस्टडॉकसाठी दक्षिण कोरियाला जाणारे अनेक जण कोल्हापूरने पाहिले आहेत. अमेरिकेचा विषय निघाला की मात्र दोनच गोष्टी ऐकू येतात. ‘कंपनीने बोलावल्याशिवाय तिथे स्थायिक होता येत नाही’ ही एक, आणि एजंटचे ‘हमखास ग्रीन कार्ड’ ही दुसरी. दोन्ही चुकीच्या आहेत. ज्यांच्या नात्यागोत्यात कुणी परदेशी नाही, त्या आपल्या मुलामुलींना खरे सांगणारे कुणी नसते. म्हणून हा लेख.

ही वाट काय आहे?

अमेरिकेत नोकरीच्या आधारे ग्रीन कार्ड मिळवताना साधारणपणे मालकाचे नोकरीपत्र लागते. त्या कामासाठी स्थानिक माणूस मिळत नाही, हेही मालकाला सिद्ध करावे लागते. १९९० च्या इमिग्रेशन कायद्याने ईबी-२ या वर्गात एक सवलत ठेवली : अर्जदाराचे काम देशाच्या हिताचे असेल, तर या दोन्ही अटी माफ होऊ शकतात. हीच ‘नॅशनल इंटरेस्ट वेव्हर’. यात अर्ज स्वतःच करता येतो, भारतात राहूनही करता येतो. मात्र उच्च पदवी किंवा असाधारण क्षमता दाखवावी लागते.

तीन कसोट्या

आजच्या कसोट्या डिसेंबर २०१६ च्या ‘धनासार’ निकालातून आल्या. हा अर्जदार अवकाशयानांच्या प्रणोदन तंत्रावर काम करणारा संशोधक होता. त्याच्या पदव्या नॉर्थ कॅरोलिना ए अँड टी या, कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी उभ्या राहिलेल्या विद्यापीठाच्या होत्या.

१. काम मोलाचे आणि राष्ट्रीय महत्त्वाचे आहे का?
२. ते पुढे नेण्याची तुमची तयारी आहे का?
३. नोकरीपत्राची अट माफ करण्यात देशाचा फायदा आहे का?

‘मी हुशार आहे’ एवढे पुरत नाही. शोधनिबंध, इतरांनी घेतलेले संदर्भ, पेटंट, परीक्षणाचे काम, तुमच्याशी थेट संबंध नसलेल्या तज्ज्ञांची पत्रे आणि पुढील कामाची स्पष्ट योजना लागते.

खरी अडचण : रांग

अर्ज मंजूर झाला म्हणजे ग्रीन कार्ड मिळाले असे नाही. कोणत्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा आहे. त्यामुळे या वर्गात भारतीयांची रांग दहा वर्षांहून मोठी आहे. तोवर तिथे राहायचे तर वेगळा वैध व्हिसा हवा. मुले २१ वर्षांची झाली की ती पालकांच्या अर्जातून बाहेर पडू शकतात. एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर सप्टेंबर २०२५ मध्ये १ लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. एजंट हे सांगत नाही.

शिष्यवृत्ती आणि बंधपत्र

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती किंवा केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती घेणाऱ्यांनी बंधपत्रातील परतण्याच्या अटी सहीआधी वाचाव्यात. सरकारी पैशातून जे-१ व्हिसावर गेल्यास दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट लागू शकते. ती पूर्ण किंवा माफ झाल्याशिवाय ग्रीन कार्ड मिळत नाही. बाबासाहेबही १९१३ साली बडोदा संस्थानाशी सेवेचा करार करूनच कोलंबियाला गेले होते.

आता काय करावे?

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षापासून प्रत्येक निबंध, पत्र, परिषदेचे प्रमाणपत्र जपून ठेवा. पैसे देऊन छापणाऱ्या बोगस जर्नलपासून लांब राहा. जेआरएफ आणि बार्टीची अधिछात्रवृत्ती यांची माहिती वेळेत घ्या. एजंटऐवजी परवानाधारक इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्या. निकालाची हमी कुणीही देऊ शकत नाही. कोरिया, जर्मनी, जपान हे पर्यायही तुलनेत ठेवा.

‘समाजाच्या पैशावर शिकून परदेशी जाणे योग्य का?’ असा प्रश्न आपल्याकडे विचारला जातो, आणि तो विचारलाच पाहिजे. पण आपली मुले मागे पडतात ती बहुतेकदा माहिती नसल्यामुळे. माणगाव परिषदेच्या वर्षी, १९२० साली, बाबासाहेब पुन्हा लंडनला शिकायला गेले, तेव्हा शाहू महाराजांनी मदत केली होती. जो तिथे पोचेल, त्याने मागच्या दोघांचे अर्ज तपासून द्यावेत, शिफारस करावी, प्रयोगशाळेतील जागा कळवाव्यात. समाजाचे ऋण परदेशातूनही असे फेडता येते.

जय भीम, नमो बुद्धाय.