दिवेलागणीची किरकिर

दिवसभर नीट पिणारं तान्हं बाळ संध्याकाळी अंगावर घेताच रडतं, तोंड काढून घेतं, पुन्हा शोधतं. ‘दूध पुरत नसेल,’ असं घरचे लगेच म्हणतात. बहुतेक वेळा ते खरं नसतं. पहिल्या काही आठवड्यांत बाळं संध्याकाळी वरचेवर, थोडं थोडं पितात. पाजत राहिलं की दूधही वाढतं.

पान्हा जोरात आला तर बाळाला ठसका लागतो, ते मान मागे टाकतं. अशा वेळी आईने मागे रेलून बसावं आणि बाळाला छातीवर पालथं घेऊन पाजावं, म्हणजे धार सौम्य होते. रडून लाल झालेलं बाळ तोंडात स्तन नीट धरत नाही. त्याला आधी उघड्या छातीशी धरून शांत करावं.

आठवड्याच्या बाळाने चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट ओले केले आणि वजन वाढत असलं, तर दूध पुरतंय. किरकिर थांबवायला मध, बाळगुटी नकोच. वर्षाच्या आत मधातून बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. ताप आला, सुस्ती आली किंवा पिणंच बंद झालं, तर मात्र सकाळची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावं.